हजारांतल्या नावांचा भाव

समजा, ‘रंकाळा मसाले’ या दोन शब्दांचं डॉट कॉम तुमच्याकडे आहे. नाव उदाहरणापुरतं घेतलंय. दोन वर्षांपूर्वी एका रात्री सुचलं, हजारभर रुपये भरले आणि नोंदवून टाकलं. आज एका मसालेवाल्याचा फोन येतो. ‘‘ते नाव तुमचं हाय न्हवं? किती घेणार?’’ आणि तुम्ही गप्प. पाच हजार सांगावेत तर मन म्हणतं, पन्नास सांगितले असते तरी दिले असते. पन्नास सांगावेत तर तो ‘‘बघतो की’’ म्हणून फोन ठेवणार आणि पुन्हा करणार नाही.

असं गप्प बसायची वेळ येते, कारण भाव फोन आल्यावर ठरवायला घेतलेला असतो. तो आधी ठरवायचा असतो, आणि तो ठरवण्याचं गणित फार अवघड नाही. मात्र ते नावाच्या सौंदर्यापासून सुरू होत नाही, न विकल्या गेलेल्या नावांपासून सुरू होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. डोमेन विकत घेतलं असं आपण बोलतो, पण प्रत्यक्षात तो भाडेपट्टा असतो. महापालिकेच्या मंडईतल्या गाळ्यासारखा. भाडं भरताय तोवर गाळा तुमचा. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं आगाऊ भरता येतं. डॉट कॉमची मूळ वही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, डॉट इनची वही भारतातली निक्सी ही संस्था. आपण ज्या रजिस्ट्रारकडे पैसे भरतो तो मधला अडत्या. डॉट कॉमचा घाऊक दर ऑगस्ट २०२१ पर्यंत वर्षाला ७.८५ डॉलर होता, सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलर झाला. त्यावर अडत्याचा नफा आणि १८ टक्के जीएसटी. रुपयांत हा आकडा रजिस्ट्रारगणिक बदलतो, म्हणून हिशेबाला सोपं जावं यासाठी आपण एका नावाला वर्षाला १,००० रुपये धरू.

आता वही उघडा. शंभर नावं असतील तर वर्षाचा खर्च १ लाख रुपये. त्यातली विकली किती जातात? या धंद्यात मुरलेले लोक सर्वसाधारण साठ्यासाठी शंभरात एक ते दोन असं सांगतात. बाकीची अठ्ठ्याण्णव नुसती बसून खातात. म्हणजे वर्षात दोनच नावं गेली तर प्रत्येकानं ५०,००० रुपये हातात दिले पाहिजेत, तेव्हा कुठं वर्ष ना नफा ना तोटा जाईल. विक्री ऑनलाइन बाजारातून झाली आणि त्यानं २० टक्के दलाली कापली, तर मागायचा भाव होतो ६२,५००.

आणि फोनवरचा मसालेवाला देणार दहा हजार.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्या बहुतेकांचं इथंच चुकतं. दहा हजारांना एक नाव गेलं की हजाराचे दहा हजार झाले असं वाटतं. पण त्या दहा हजारांतून दलाली जाऊन उरतात आठ, आणि लाखाचा खर्च आठ-आठ हजारांनी भागवायचा तर वर्षाला तेरा नावं विकावी लागतात. एक-दोन नव्हे, तेरा. सूत्र एका ओळीचं आहे: एका नावाचा वर्षाचा खर्च भागिले त्या वर्षात ते विकलं जाण्याची शक्यता. शंभरात दोन विकली जात असतील तर १,००० भागिले ०.०२, म्हणजे ५०,०००. दहात एक जात असेल तर १०,०००. ही निव्वळ हातात पडायची रक्कम, दलाली वेगळी. तुमचा भाव यापेक्षा कमी असेल तर प्रत्येक विक्री साजरी करत करत तुम्ही तोट्यात जाता.

कोल्हापूरच्या गुजरीतला सराफ आणि मंडईतली भाजीवाली यांच्यात जो फरक, तोच इथं आहे. सराफाच्या काचेत कोल्हापुरी साज आठ महिने पडून राहिला तरी चालतं, कारण विकला जाईल त्या दिवशी तो सगळे दिवस भरून काढतो. भाजीवालीला ते परवडत नाही. तिचा माल रोज फिरला पाहिजे. हजारांतली नावं म्हणजे भाजी. ती साजासारखी काचेत ठेवून वाट बघणं हा तोट्याचा हमखास रस्ता. यावर लोक उपाय सांगतात की साठा कमी करा, शंभराऐवजी वीसच नावं ठेवा. पण नुसता साठा कमी केल्यानं काही होत नाही, कारण प्रमाण तेच राहतं, दहात एक विकलं जायलाच हवं. फरक पडतो तो दुसरीकडे: वीस नावांच्या संभाव्य गिऱ्हाइकांकडे तुम्ही स्वतः जाऊ शकता, शंभर नावांच्या नाही. ज्या नावासाठी कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी, सांगली एवढ्या टापूत दहा खरी दुकानं बोटावर मोजून दाखवता येतात तेच नाव ठेवायचं. हुपरीला चांदी, इचलकरंजीला कापड, शिरोली-गोकुळ शिरगावला फौंड्री आणि मशीनिंग, कोल्हापूरभर मसाला, गूळ, चपला, हॉटेलं. एवढी यादी डोळ्यांसमोर असताना ‘फ्युचरटेकमेटा’ छापाची नावं कोणी का नोंदवतं, हे कोडं मला सुटलेलं नाही.

तळ कळला. आता छत बघू, म्हणजे गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती देईल ते.

छत नावाच्या गुणावर ठरत नाही, गिऱ्हाइकाला दुसरा रस्ता केवढ्याला पडतो यावर ठरतं. मसालेवाल्यानं तुमचं नाव नाकारलं तर तो मागे ‘कोल्हापूर’ जोडेल, पुढे ‘श्री’ लावेल, किंवा डॉट इन घेईल. हजार रुपयांत काम होईल. मग तो तुम्हाला दहा हजार का देईल? त्याच्या पिशव्यांवर, टेम्पोवर, फ्लेक्सवर ‘रंकाळा मसाले’ आधीपासून छापलेलं असेल तर देईल. फोनवर पत्ता सांगताना जोडशब्द सांगायचा कंटाळा आला असेल तर देईल. म्हणजे तुम्ही विकताय ती त्याची गैरसोय टळण्याची किंमत. ती दहा-बारा हजार सहज असते, लाख कधीच नसते.

आणखी एक मोजपट्टी गिऱ्हाइकाच्या डोक्यात असते, ती बहुतेक विकणाऱ्यांना दिसत नाही. गावातला वेबसाइट करणारा पोरगा छोट्या दुकानाची अख्खी साइट दहा-पंधरा हजारांत उभी करून देतो. त्यात फोटो, नकाशा, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण सगळं आलं. दुकानदार त्याच पोराला विचारतो, ‘‘नुसत्या नावाला एवढं?’’ आणि पोरगा मान हलवतो. नावाचा भाव साइटच्या भावापेक्षा वर गेला की तुमचा सौदा त्या पोराच्या खुर्चीत मोडतो. म्हणून तो पोरगा आधी आपलासा करा. दहा टक्के त्याला देऊ केलेत तर ती दलाली बऱ्याच ऑनलाइन बाजारांपेक्षा स्वस्त पडते.

यातून असं दिसतं की भाव आणि विक्री यांचं नातं सरळ उताराचं नाही, पायऱ्यांचं आहे. साधारण पाच हजारांपर्यंत दुकानदार कोणाला न विचारता फोनवरून पैसे पाठवतो. पंधरा हजारांपर्यंत तो वेबसाइटवाल्याला विचारतो. पन्नास हजारांपर्यंत भाऊ, भागीदार, घरचे. त्यावर सीए. एका पायरीवर असताना भाव कमी-जास्त करून फार फरक पडत नाही. दहाचे सात हजार केलेत म्हणून विक्री दीडपट होत नाही. ज्याला नाव हवंय तो दहाही देतो आणि ज्याला नकोय तो दोनही देत नाही. पण वीस हजारांवरून १४,५०० वर आलात की एक पायरी उतरता, आणि तिथं फरक जाणवतो. सवलत द्यायचीच तर पायरी ओलांडणारी द्या. ९,९९९ चा खेळ चपलेच्या दुकानात ठीक. इथं समोरचा दहा हजारच ऐकतो आणि एक रुपया सोडल्याबद्दल मनात हसतो.

मग भाव उघड लिहावा की ‘बोली लावा’ म्हणून सोडावा? लाखांच्या नावांसाठी बोली ठीक आहे. हजारांच्या नावाला मी उघड भावाच्या बाजूचा आहे, आणि कारण आपल्या कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात सापडतं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, तेव्हापासून गूळ हा या शहराचा मोठा व्यापार. आज मार्केट यार्डात गुळाचे रवे मांडून सौदे निघतात तेव्हा एकाच मालासाठी एकाच वेळी अनेक व्यापारी उभे असतात. रंग बघतात, बोटानं कस बघतात आणि एकमेकांच्या वर बोलतात. लिलावाला हेच लागतं: एक माल, एक वेळ, अनेक घेणारे. तुमच्या नावाला घेणारा एकच आहे आणि तो कधी येणार ते ठरलेलं नाही. असं नाव लिलावाला लावलं तर समोर बसलेले असतात तुमच्यासारखेच व्यापारी, आणि व्यापारी घाऊक भावानं घेतो. किरकोळीत दहा हजारांचं नाव तिथं हजार-दोन हजारांत जातं.

‘बोली लावा’ या पाटीचा दुसरा तोटा असा की बघणाऱ्याला वाटतं, भाव लिहिलेला नाही म्हणजे लाखात असणार. तो विचारतच नाही. रात्री अकराला दुकान बंद करून तो नाव शोधत असतो, तेव्हा भाव आणि ‘विकत घ्या’चं बटण दिसलं तर घेतो. चौकशीचा अर्ज भरून दोन दिवस उत्तराची वाट बघण्याइतकं ते नाव त्याला प्रिय नसतं. म्हणून ते डोमेन उघडल्यावर रिकामं पान दिसू देऊ नका. ‘हे नाव विकणे आहे, भाव इतका, फोन इतका’ एवढं मराठीत आणि इंग्रजीत लावा.

घासाघीस मात्र होणारच. ‘‘जरा कमी करा की, साहेब’’ हे ऐकल्याशिवाय कोल्हापुरात सौदा झाला असं कोणी मानत नाही. तेवढी दहा-पंधरा टक्के जागा भावात आधीच ठेवा आणि ती एकदाच, एका अटीवर सोडा: आज पैसे पाठवणार असाल तर. तीन वेळा थोडं थोडं उतरलात तर समोरच्याला कळतं की खाली अजून जागा आहे.

पैसे एकदम नसतील तर हप्ते. कोल्हापूरला हप्त्याचं शिक्षण द्यायला नको. बारा हजारांच्या नावाला महिना हजार म्हटलं की पंधरा हजारांची पायरी पाच हजारांच्या खाली येते. नाव तुमच्याच खात्यात राहतं, फक्त ते त्याच्या साइटकडे वळवून द्यायचं. शेवटचा हप्ता आला की खातं बदलायचं. मोठे ऑनलाइन बाजार ही सोय देतात, ओळखीत तुम्ही स्वतःही देऊ शकता. हप्ते चुकले तर काय, हे मात्र आधी लिहून घ्या, कारण चालू साइट बंद पाडायची वेळ आली की गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता नावाच्या रूपाबद्दल थोडं, कारण मराठी नावांचा भाव इथं फार हलतो. मराठी शब्द रोमन लिपीत एकाच तऱ्हेनं लिहिला जात नाही. गूळ हा ‘जी-यू-एल’ की दोन ‘ओ’ घालून? साज एका ‘ए’चा की दोन? चप्पलमध्ये ‘पी’ किती, आणि शेवटी ‘एस’ लावायचा का? नाव फोनवर एकदा सांगून पलीकडच्यानं बरोबर टाइप केलं तर भाव पूर्ण; एकदा स्पष्टीकरण द्यावं लागलं तर मी निम्मा धरतो; दोनदा लागलं तर ते नाव नोंदवतच नाही. आपोआप किंमत सांगणारी यंत्रं इंटरनेटवर आहेत, पण त्यांना ‘तांबडा’ म्हणजे काय हे कळत नाही आणि दोन स्पेलिंगमधलं कुठलं कोल्हापुरात चालतं हे तर अजिबात नाही. इथं तुमचं स्थानिक ज्ञान यंत्रापेक्षा खरं आहे.

या अडचणीतूनच वाटा लावायची युक्ती निघते. मंडईत तीन लिंबं आणि कोथिंबीर-मिरच्यांचा वाटा लावतात तसा: डॉट कॉम, डॉट इन आणि दुसरं स्पेलिंग एकत्र, एका भावात. तीन नावांना तुमचा खर्च तिप्पट होतो, म्हणून हे फक्त सगळ्यात खात्रीच्या नावांसाठी. पण गिऱ्हाइकाची ‘मी डॉट इन घेतो की’ ही पळवाट त्यामुळे बंद होते.

डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झालं, आणि मराठीतून पत्ता लिहिता येतो याचा मला अभिमान आहे. विकण्यासाठी मात्र ते अजून सोपं नाही. देवनागरी ई-मेल पत्ता सगळीकडे चालत नाही, आणि ‘कोल्हापूर’मधला ‘पू’ दीर्घ की ‘पु’ ऱ्हस्व ही शुद्धलेखनाची शंका इथं थेट दोन वेगळी नावं बनते. स्वतःच्या हौसेला घ्या, साठ्यात धरू नका. नव्या शेपट्यांची, म्हणजे डॉट शॉप, डॉट ऑनलाइन वगैरेंची गोष्ट वेगळी: पहिल्या वर्षी शे-दोनशेत मिळतात आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला डॉट कॉमहून कितीतरी जास्त मागतात. घेताना दुसऱ्या वर्षाचा दर बघायचा.

जुन्या विक्रीचे आकडे बघून भाव ठरवावा असंही सांगतात. नेमबायो या संग्रहात झालेल्या विक्रींची नोंद मिळते. बघा जरूर, पण तिथं फक्त विकली गेलेली नावं दिसतात. त्याच जातीची जी नव्व्याण्णव पडून राहिली त्यांची यादी कुठंच नसते. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ तीन कोटी डॉलरना गेलं, ही बातमी वाचून नावं नोंदवणं म्हणजे लॉटरी लागलेल्याचा फोटो बघून तिकीट घेणं.

एक नाव मात्र कुठल्याच भावात विकू नये: जे दुसऱ्याचं आहे. गावात चालू असलेल्या मसाल्याच्या ब्रँडचं नाव आधीच नोंदवून त्यालाच विकायला जाणं ही दुकानदारी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळतं हे मान्य केलं. डॉट कॉमच्या तंट्यांचे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ पासून आहेत, डॉट इनसाठी निक्सीची स्वतःची तंटा पद्धत आहे. त्या नियमांत गंमत अशी की चिन्हाच्या मालकाला तुमच्या खर्चापेक्षा जास्त भावानं विकण्यासाठी नाव घेतलं असेल, तर तोच वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका नावाची तक्रार करायला १,५०० डॉलर लागतात, म्हणून त्याच्या खाली भाव सांगा, कंपनी मुकाट देईल, असा सल्ला देणारे भेटतात. त्याला आपल्या भाषेत खंडणी म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीच्या एका तरुणानं ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ आधीच घेऊन ठेवल्याचं गाजलं; केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला होता, कंपनीनं तो दिला नाही. नाव समूहाचंही असतं: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमधल्या प्राडाच्या, कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपलांवरून गदारोळ झाला. असा विषय तापलेला असताना नाव नोंदवण्याचा मोह होतो. तेव्हा दोन गोष्टी बघा: विषय थंडावल्यावर हे नाव कोणाला लागेल, आणि घेणारा त्यावर खरी कोल्हापुरी चप्पलच विकणार का.

राहिली संध्याकाळ. मंडईत अंधार पडला की मेथीची जुडी निम्म्या भावात जाते, कारण सकाळी तिचा पाला होणार असतो. नावाची संध्याकाळ म्हणजे नूतनीकरणाची तारीख. तिच्या दोन महिने आधी वही काढून प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा: आज हे नाव माझ्याकडे नसतं तर हजार रुपये देऊन घेतलं असतं का? उत्तर नाही असेल तर भाव एक पायरी खाली आणा, यादीतल्या दहा दुकानदारांना फोन करा, आणि तरी गेलं नाही तर सोडून द्या. तीन वर्षं पोसलं म्हणून चौथं वर्ष भरायचं, हा हिशेब नव्हे, माया आहे. माझ्या वहीत अशी माया लावलेली अकरा नावं होती; त्यांतली नऊ सोडली आणि उरलेल्या दोन नावांवरून बायको अजून बोलते.

मुदत संपली म्हणून नाव लगेच मोकळं होत नाही. डॉट कॉमला रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरानं भरून घेऊ शकतो, पण किती दिवस देतो हे ज्याचं त्याचं. पुढचे ३० दिवस नाव परत मिळवायला मोठा दंड, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं. या मधल्या काळात कोणी फोन केला तर आधी आपलं नाव नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे ते बघून मगच आकडा सांगा, नाहीतर दहा हजारांच्या विक्रीतले बरेचसे दंडात जातात.

सौदा ठरला की हस्तांतर. घेणाऱ्याचं खातं तुमच्याच रजिस्ट्रारकडे असेल तर नाव काही मिनिटांत सरकवता येतं. दुसरीकडे न्यायचं असेल तर कुलूप काढून गुप्त कोड द्यावा लागतो, आणि डॉट कॉम नुकतंच नोंदवलेलं असेल तर ६० दिवस हलवता येत नाही. आठ-दहा हजारांसाठी तिऱ्हाइताकडे पैसे ठेवण्याची सेवा महाग पडते. ओळखीच्या वेबसाइटवाल्या पोराला मध्ये ठेवून निम्मे आधी, निम्मे नाव मिळाल्यावर असं केलं तरी चालतं. बिल द्या, त्यावर नाव आणि तारीख लिहा. आणि तेच नाव आणखी दोन-तीन बाजारांत टांगलेलं असेल तर त्याच दिवशी सगळीकडून उतरवा, नाहीतर रात्री अकराला दुसराच कोणीतरी बटण दाबेल आणि विकलेलं नाव पुन्हा विकलं जाईल.